तोंड नसलेली शेगडी

शेगडी अजून तिथंच आहे, विझलेल्या चुलीच्या उजव्या हाताला, एका चौकोनी फरशीवर. पत्र्याचं बैठं अंग, तीन आखूड पाय, वर भाजक्या पांढऱ्या मातीची थाळी. थाळीत शंखासारखी वळत आत जाणारी खाच आहे आणि त्या खाचेत तारेचं वेटोळं बसवलेलं आहे. एका ठिकाणी हे वेटोळं ताणलेलं आणि पिळा मारून जोडलेलं आहे. बटण दाबलं की तार आधी त्या जोडापाशी लाल होते, मग ती लाली दोन्ही बाजूंना पसरते. मी रोज सकाळी हे बघतो. बघण्यासारखं त्यात दुसऱ्या कोणाला काही वाटणार नाही.

माझी बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. या शेगडीबद्दल लिहावं असं मनात होतं, पण दोन ओळी लिहिल्या की उठून जावंसं वाटे. आता लिहितो आहे. हळूहळू लिहीन.

आमचं बिऱ्हाड कांचघर मोहल्ल्यात. मूळचे आम्ही वऱ्हाडातले. वडील नोकरीसाठी जबलपूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. बाहेर हिंदी, घरात मराठी, आणि त्या घरातल्या मराठीतही निम्मी हिंदी. ती मात्र लग्न होऊन थेट वऱ्हाडातून आली होती आणि तिची बोली तिने शेवटपर्यंत सोडली नाही. आम्हाला मूलबाळ झालं नाही. मी शाळेत संस्कृत शिकवायचो आणि घरी आल्यावर वाचत बसायचो. घरात आवाज काय तो तिचाच. ती भांड्यांशी बोले, मांजराशी बोले, अंगणातल्या भिंतीपलीकडच्या शेजारणीशी बोले. मी ऐकत असे, आणि वाचायचं काम त्यामुळे कधी अडलं नाही. आता घर शांत आहे आणि पान उलटत नाही.

शेजारणीला ती जिज्जी, म्हणजे थोरली बहीण, म्हणायची आणि जिज्जी तिला बिन्ना, धाकटी बहीण. जिज्जी वयाने मोठी, इकडचीच, बुंदेली बोलणारी. तिचे यजमान कारखान्यात होते. दोन्ही अंगणांच्या मधे छातीएवढी भिंत होती, अजून आहे. लग्नानंतर पहिल्या दिवसांत आमच्या घरी काड्यापेटी सापडली नाही की ती त्या भिंतीवरून जिज्जीकडून पळीत एक निखारा मागून आणायची आणि आपली चूल पेटवायची. पुढे काड्यापेटी जागेवर राहू लागली, तरी निखारा मागायचं थांबलं नाही. निखाऱ्याबरोबर बोलणंही यायचं.

खोकला आधी थंडीपुरता होता. मग पावसाळ्यातही येऊ लागला. स्वयंपाकघर लहान, धुराला वाट एकाच झरोक्याची, लाकडं ओली. ती डोळे पुसत बाहेर यायची, उंबऱ्यावर बसायची, श्वास सापडला की परत आत जायची. छातीतून शिट्टीसारखा आवाज निघे. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की दमा आहे, औषध ते देतील, पण ही बाई धुरात बसत राहिली तर औषधाचा काही उपयोग नाही. एक तर धूर घरातून काढा, नाही तर तिला घरातून काढा.

त्या दिवाळीत भाऊबीजेला तिचा थोरला भाऊ आला होता. सकाळी फराळ तळताना तिला ढास लागली ती त्याने ऐकली. तो शेतीवाडीचा मोठा कारभार पाहणारा, मोजकं बोलणारा माणूस. तिने ओवाळलं, त्याने ओवाळणी घातली आणि पाटावरून न उठताच मला म्हणाला की वऱ्हाडची हवा कोरडी आहे, तिकडे हिला काम नाही, धूर नाही; संक्रांतीला मी परत येतो आणि हिला घेऊन जातो, राहू द्या एक-दोन वर्षं, बरी झाली की येईल.

तो चुकीचं सांगत नव्हता. ती निरांजनाची वात सारखी करत होती.

भाऊ गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. मी पुस्तकातून वर बघेपर्यंत थांबली.

"तुम्ही काही करा," ती म्हणाली. "मला नाही जायचं."

एवढंच. पण त्या दिवसापासून संक्रांत हे आमच्या घरात सणाचं नाव राहिलं नाही.

काय करता येईल ते आम्ही एकेक करून पाहिलं. कोळशाच्या शेगडीने धूर कमी झाला, पण कोळसा पेट घेताना तिचं डोकं भणाणायचं. रॉकेलचा स्टोव्ह आणला तर वासानेच ढास लागे, आणि लढाई नुकतीच संपलेली, रॉकेल रेशनवर. स्वयंपाकाला बाई ठेवू म्हटलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय तिथंच सोडला. शिवाय बाई ठेवली तरी चूल तीच, झरोका तोच.

विजेच्या शेगडीचं मला सुचलं ते आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत. तिथले मास्तर प्रयोगाच्या शेगडीवर गुपचूप चहा करायचे. खोलीत चहाचा वास होता, पण धुराचा मागमूस नव्हता. मी त्यांना विचारलं की यावर भात होईल का. ते हसले आणि म्हणाले, भात काय, पुरणही शिजेल; पण घरी नेणार असाल तर उघड्या तारेची नेऊ नका, बंद लोखंडी तव्याची घ्या, बायकांचे हात ओले असतात.

मी आपल्या स्वभावाप्रमाणे वाचायला लागलो. सदर बाजारातल्या दुकानांतून चोपड्या आणल्या, कोणती शेगडी किती वीज खाते, कोणत्या तारेला किती ताप, ते समजून घेऊ लागलो. बरेच दिवस असे गेले. एक दिवस ती चहा ठेवून तिथंच उभी राहिली.

"काहून एवढं वाचून राहिले? शेगडी घ्यायची आहे की बी.ए. करायचं आहे?"

मी सांगितलं की नीट निवडलेलं बरं.

"निवडणार तुम्ही, आणि तिच्यासमोर बसणार मी?" असं म्हणून तिने चोपड्या उचलून फळीवर ठेवल्या. पुढच्या रविवारी बघायला मी पण येते, म्हणाली.

रविवारी ती निघाली तेव्हा तिच्या हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी जड होतं. टांग्यात बसल्यावर मी विचारलं. तवा होता. तिच्या आईने लग्नात दिलेला, बिडाचा, पोटाला थोडा खोलगट. ज्या शेगडीवर हा तवा बसेल ती आपली, असं तिने ठरवून टाकलं होतं. इतके दिवस मी वाचलं होतं त्यात तव्याच्या पोटाबद्दल काहीच नव्हतं.

आधी आम्ही छावणीतल्या एका बंगल्यावर गेलो. त्या दिवसांत बरेच साहेबलोक सामान विकून विलायतेला परत चालले होते. व्हरांड्यात टेबल मांडून मॅडमनी वस्तू लावल्या होत्या: चिनी मातीची भांडी, पियानोचं स्टूल, दिवे, आणि एक विजेची शेगडी. काळी, जड, वरून सपाट लोखंडी चकती, बाजूला गोल फिरणारं बटण. विज्ञानाच्या मास्तरांनी सांगितली होती तशीच. मला पाहताक्षणी पटली. मॅडमनी ती लावून दाखवली. आम्ही वाट पाहत उभे राहिलो. चकती काळीच राहिली.

तिने गाठोडं सोडलं आणि तवा चकतीवर ठेवला. तवा एका बाजूला कलला. तिने बोटाने दाबला, तर दुसऱ्या बाजूला कलला. मॅडम कुतूहलाने पाहत होत्या.

"डुलून राहिला हा," ती मला हळूच म्हणाली. "भजनाला बसल्यावानी."

मला हसू आलं आणि मॅडमसमोर ते आवरायला लागलं. मग तिने तवा उचलला, चकतीवर उंचावरून तळहात धरला आणि परत घेतला. परतताना टांग्यात मी तिला समजावत होतो की तवा सपाट दुसरा घेता येईल, ही शेगडी सुरक्षित आहे, हात लागला तरी झटका बसणार नाही. ती ऐकत होती. रस्ता अर्धा झाल्यावर म्हणाली, "तिला ताप आला होता, पण तोंडावर काही दिसत नव्हतं. अशी माणसं मला कळत नाहीत."

टांगा फव्वाऱ्याच्या बाजाराकडे वळवायला तिनेच सांगितलं.

तिथल्या दुकानात तऱ्हेतऱ्हेच्या शेगड्या होत्या, सगळ्या देशी, उघड्या तारेच्या. दुकानदाराने तवा पाहिला आणि म्हणाला, "बहनजी, तवा घर से काहे को लायीं? हमारे यहाँ तवा भी मिलता है."

"तवा तो मेरा ही रहेगा भैया," ती म्हणाली. "चूल्हा बदल रहा है."

त्याने एक शेगडी लावली. आधी काही नाही, मग आतल्या वळणातून तांबूस रंग उमटला आणि वेटोळ्यावेटोळ्याने बाहेर येत गेला. थाळीच्या काठाला तीन लोखंडी खुंट्या होत्या. त्यांच्यामधे तव्याचं पोट असं बसलं की जणू मोजूनच केलं होतं. पण ती तव्याकडे बघतच नव्हती. तो उचलून बाजूला ठेवून ती लाल तारेसमोर वाकली होती.

"आता दिसलं," ती म्हणाली.

चुलीसमोरचा तिचा चेहरा मी वर्षानुवर्षं पाहिला होता, पण डोळे चोळताना, पदराने नाक दाबताना, मान वळवून खोकताना. त्या दुकानात लाल उजेड तिच्या गालावर होता, डोळे कोरडे होते आणि ती निवांत बघत होती. चोपड्यांत वाचलेलं सगळं मी तिथं सोडून दिलं. दुसरी कुठली शेगडी आणण्याचा प्रश्नच नव्हता.

बांधून देताना दुकानदाराने बजावलं, की इस पर पानी न गिरे, दूध न उफने, घी न टपके, नहीं तो तार गयी. तिने त्याला थंडपणे सांगितलं की तिच्या हातून आजवर दूध उतू गेलेलं नाही. ते खरं होतं.

मीटरपासून स्वयंपाकघरापर्यंत जाड तार ओढून घेतली. पहिल्या दिवशी तिने पातेल्याच्या बुडाला सवयीने राख आणि मातीचा लेप दिला, काजळी घासताना सोपी निघावी म्हणून चुलीवर देतात तसा. लेप वाळला, तडकला आणि त्याचे पोपडे तारेच्या खाचेत पडले. ते मी चिमट्याने काढत बसलो आणि ती माझ्याकडे बघून हसत बसली. काजळी नाही तर लेप कशाला, हे कळूनही हात मात्र दोन-चार दिवस राखेच्या डब्याकडे जात राहिला.

सुरुवातीला ती शेगडीवर चहा, दूध, भाजी एवढंच करी. भात आणि भाकरी चुलीवर, अगदी लहान जाळावर. याला एक कारण होतं, आणि ते मला एका संध्याकाळी तिच्या प्रश्नातून कळलं.

भात झाला की त्यातली चार शितं तुपात बुडवून ती चुलीत टाकायची. तिची आई टाकायची, माझी आईही टाकायची. अग्नीचा घास. तो दिल्याशिवाय ताट वाढलं जात नसे. हे इतकं सहज होई की मी ते कधी पाहिलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल.

"अहो," ती म्हणाली, "हा अग्नी आहे का?"

मी म्हटलं, ताप आहे, उजेड आहे.

"ते दिसून राहिलं. पण अग्नी आहे का? याला जाळ नाही, म्हणजे तोंड नाही. खाईल कसा?"

मी संस्कृतचा मास्तर. अग्नी हे देवांचं मुख, हे मुलांना शिकवून माझे केस पिकू लागले होते. मी तिला बघून सांगतो म्हटलं आणि खरंच बघायला बसलो. अग्नी कोणत्या लाकडाचा असावा, विझला तर काय करावं, कोणाच्या घरून आणलेला चालतो, याची पानंच्या पानं होती. तारेबद्दल कोणी काही लिहून ठेवलं नव्हतं. मी रोज बघतो आहे असं म्हणत राहिलो आणि ती रोज भातापुरती चूल पेटवत राहिली. खोकला निम्मा झाला, गेला नाही. संक्रांत जवळ आली तशी एका सकाळी तिने चूल सारवली, कोरडी होऊ दिली आणि पेटवली नाही. तुमचं बघणं होईल तेव्हा होईल, म्हणाली; दादा येईल तेव्हा घरात धूर दिसायला नको.

भाऊ भोगीच्या दिवशी सकाळी आला. स्वयंपाकघराच्या दाराशी पाट मांडून त्याला तिथंच बसवलं, मुद्दाम, त्याने पाहावं म्हणून. पनागरचे कोवळे मटार, वांगी, गाजरं घालून भोगीची भाजी झाली होती. भात झाला होता. आता तिळाच्या भाकऱ्या करायच्या होत्या. तिने पातेलं उतरवलं. शेगडीची तार रसरसून लाल झाली होती. भाऊ त्या तारेकडे, निळ्या आकाशाच्या झरोक्याकडे आणि बहिणीच्या कोरड्या डोळ्यांकडे बघत होता. मला वाटलं, जमलं.

तिने पातेल्याचं झाकण काढलं, चार शितं घेतली, तुपात बुडवली आणि हात पुढे केला. त्या हाताची ती किती वर्षांची सवय होती. मला दिसलं आणि मी तोंड उघडेपर्यंत शितं तारेवर पडली होती.

तूप भडकलं, तड् असा आवाज झाला, तार तुटून काळी पडली आणि घरातली वीज गेली. तिला झटका बसला नाही, हे नशीब. पण करपलेल्या तुपाचा तो एवढासा धूर नेमका तिच्या नाकात गेला. ती वाकली. ढास थांबेना. मी पाठीवर हात फिरवत होतो, भाऊ उठून उभा राहिला होता.

"झालं," तो म्हणाला. "चल. सामान बांध."

तिने हाताने त्याला थांब म्हटलं. श्वास मिळायला वेळ लागला. मग भिंतीला टेकून बसली, पदराने तोंड पुसलं आणि शांतपणे बोलली.

"दादा, तिकडे धूर नाही, खरं आहे. पण तिकडे माझी चूलही नाही ना. वहिनीची आहे. मी तिथं बसून काय करू? बरी होऊन राहू?"

तेवढ्यात भिंतीवरून जिज्जीचा आवाज आला. खोकला तिने ऐकला होता. का हो गओ बिन्ना, असं विचारत ती चवड्यांवर उभी राहून आत डोकावत होती. ही उठली, बाहेर गेली, आणि दोघींचं बोलणं सुरू झालं. मला दारातून फक्त हात दिसत होते. परातीतलं पीठ भिंतीवरून पलीकडे गेलं, तवा गेला. भाकऱ्या जिज्जी करून देणार होती. मग ही परत आत आली, भाताची चार शितं पुन्हा तुपात बुडवून पळसाच्या पानाच्या तुकड्यावर घेतली आणि माझ्यासमोर थांबली.

"आपली चूल तिच्याच निखाऱ्यावर पेटायची ना?" तिने मला विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मग हा घास तिथं गेला तर परका नाही."

माझ्या पुस्तकांत शेजारघरच्या अग्नीची पानं होती, ती मला तेव्हा आठवली. पण ती उत्तरासाठी थांबलीच नव्हती. पान भिंतीवरून पलीकडे गेलं.

जिज्जीच्या भाकऱ्या जाड आणि वाकड्या झाल्या होत्या, तीळ एकाच बाजूला चिकटले होते. भावाने मुकाट्याने खाल्ल्या. संक्रांतीचा तिळगूळ घेऊन तो एकटाच परत निघाला. टांग्यात चढताना मला म्हणाला, "तिच्या हातची भाकरी त्या तारेवर नीट होऊ लागली की कळवा. खायला येईन." पुढच्या वर्षी तो खरंच आला आणि तिळाची भाकरी मागून मागून खाल्ली.

तुटलेली तार मी स्वतः जोडली. दोन्ही टोकं ताणून एकमेकांत पिळायची, एवढंच होतं. ती दिवा धरून शेजारी बसली होती आणि मास्तरांना कधी नव्हे ते हातचं काम आलं म्हणून चिडवत होती. तोच हा जोड.

नंतर चूल पेटली नाही. खोकला पुरता गेला नाही, पण ती राहिली. मला तेवढंच हवं होतं. रोज भात झाला की ती पानाच्या तुकड्यावर चार शितं घेऊन भिंतीपाशी जायची आणि पलीकडून हात पुढे यायचा.

"ल्याओ बिन्ना, अगन देवता भूखे बैठे हैं," जिज्जी म्हणायची. कधी म्हणायची की घास तुमचा, चूल माझी, तेव्हा पुण्यातलं अर्धं माझं. ही म्हणायची, अर्धं काहून, सगळंच घे, तूप तेवढं तुझ्या घरचं लाव. मी आत वाचत बसलेलो असे. त्या हसण्यावरून मला कळे की ताट वाढायची वेळ झाली आहे. मी पुस्तकात खूण ठेवून उठत असे.

मागच्या हिवाळ्यात मात्र ती बिछान्याला खिळली. स्वयंपाकघरापर्यंत चालणंही होईना. डॉक्टर येत, ऐकत, उठत. मी रजा घेतली. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात खटपट करत होतो आणि ती बाहेरच्या खोलीतून ओरडून सांगायचा प्रयत्न करत होती, त्यात तिला धाप लागत होती. तेव्हा मी शेगडी उचलली. लांब तार जोडून ती तिच्या पलंगापाशी फरशीवर आणून ठेवली. धूर नव्हताच. चूल अशी उचलून आजारी माणसापाशी नेता आली नसती. निवडताना आम्ही तवा पाहिला, लाली पाहिली, पण ती उचलता येते याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता.

मग ते दिवस तसे गेले. ती उशीला टेकून शेगडीकडे बघत असायची आणि मी खाली बसून स्वयंपाक करायचो. आता पाणी घाला. आता झाकण अर्धं. तवा फिरवा, तिकडून जळून राहिली. शब्द कमी होत गेले तशी ती बोटाने सांगू लागली. भाकरी मला शेवटपर्यंत नीट आली नाही. ती फुगली की तिला हसू यायचं आणि नाही फुगली तरी यायचं.

भात उतरवला की ती डोळे उघडायची.

"घास?"

मी पान घेऊन भिंतीपाशी जायचो. जिज्जी माझ्याशी थट्टा करत नसे. तिच्यासाठी मी मास्साब, मास्तरसाहेब होतो. ती फक्त हात पुढे करायची आणि विचारायची की बिन्ना कशी आहे. परत आलो की ही माझ्याकडे बघायची, मी दिला म्हणायचो, आणि मग ती दोन घास खायची.

शेवटच्या दिवशी भात झाला होता. तिने विचारलं नाही.

नर्मदेकाठी ग्वारीघाटावर नेलं, भाऊ आला, सगळं रीतीप्रमाणे झालं. घरात सुतकाचे दिवस होते तोवर आमच्याकडे काही शिजत नव्हतं. जेवण जिज्जीकडून यायचं. झाकलेलं ताट भिंतीवरून इकडे यायचं आणि रिकामं होऊन तिकडे जायचं. भाऊ ते घ्यायचा. जाताना तो मला वऱ्हाडात चला म्हणाला, इथं एकटे काय करणार. मी बघतो म्हटलं. तो तिच्या शेगडीपाशी जरा वेळ उभा राहिला, मग गेला.

दुसऱ्या सकाळी मी शेगडी बाहेरच्या खोलीतून उचलून परत तिच्या जागेवर नेली. एकट्यापुरते तांदूळ किती घ्यायचे ते मला कळेना, दोघांचेच घेतले. बटण दाबलं. जोडापाशी लाली आली आणि पसरली. मी समोर बसून राहिलो. पाणी आटलं तेव्हा उतरवलं. कोणी काही विचारलं नाही. मी चार शितं तुपात बुडवली, पान नव्हतं म्हणून तळहातावरच घेतली आणि अंगणात गेलो.

भिंतीपलीकडे जिज्जीच्या चुलीचा धूर वर जात होता. पण हात पुढे आला नाही. तिला वाटलं असेल, हे आता संपलं. मी उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी तिला कधी हाक मारली नव्हती. ते माझं कामच नव्हतं. तूप हातावर थिजायला लागलं.

"जिज्जी," मी म्हटलं.

आत भांड्याचा आवाज थांबला. ती आली. डोळे लाल होते, धुराने की कशाने, कोण जाणे. तिने हात पुढे केला, शितं घेतली आणि एक बोटांत चुरून पाहिलं.

"चावल कच्चा रह गया, मास्साब," ती म्हणाली. आणि जाता जाता, "हम डाल देते हैं. आप थोड़ा पानी छिड़क के फिर चढ़ा दो."

मी आत गेलो, भातावर पाण्याचा हबका मारला आणि पातेलं परत शेगडीवर ठेवलं.